रडीचा डाव नेमका कोणाचा?

२४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, भारत-इंग्लंड महिलांचा एकदिवसीय सामना. दीप्ती शर्मा धावत आली, क्रीजपाशी पोचली आणि चेंडू टाकायच्या ऐवजी वळून तिने नॉन-स्ट्रायकरकडच्या, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजाकडच्या, बेल्स उडवल्या. त्या टोकाची चार्ली डीन तोवर क्रीज सोडून पुढे निघालीही होती. डीन ४७ वर होती, शेवटची जोडी मैदानात होती, इंग्लंडला जिंकायला १७ धावा हव्या होत्या, आणि ती ज्या झोकात खेळत होती ते बघता त्या होतील असं वाटायला लागलं होतं. तिसऱ्या पंचांनी बाद दिलं. सामना संपला, मालिका ३-० झाली, झूलन गोस्वामीला विजयाने निरोप मिळाला. दुसऱ्या दिवसापासून चर्चा मात्र झूलनच्या वीस वर्षांची नव्हती, की इंग्लंडमध्ये मिळवलेल्या ३-० ची नव्हती. दीप्तीने आधी इशारा दिला होता का, यावर सगळे भांडत होते. दीप्ती म्हणाली, दिला होता. दुखापतीमुळे बाहेर बसलेली इंग्लंडची कर्णधार हीदर नाइट म्हणाली, दिलाच नव्हता.

मला विचाराल तर दिला काय आणि न दिला काय. नियमात इशारा नाहीच. यष्टिरक्षक कधी फलंदाजाला सांगतो का, की तुमचा मागचा पाय उचलला जातोय, सांभाळा, पुढच्या वेळी यष्टिचीत करीन? शॉर्ट लेगचा क्षेत्ररक्षक झेल घेण्याआधी खाकरतो का? मग हा एकच बाद असा का, की ज्याच्या आधी नोटीस बजावायची?

लहानपणी क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला रडीचा डाव ठाऊक असतो. पण रडीचे प्रकार दोन, हे नीट लक्षात घ्यायला हवं. एक बाद झाल्यावर रडणारा. "मी तयारच नव्हतो", "ट्राय बॉल होता", "आधी सांगायचं ना" हे त्याचे ठरलेले बहाणे. दुसरा, ज्याची बॅट असते तो. तो रडत नाही, त्याला गरजच नसते. पहिली बॅटिंग कोणाची, सीमारेषा कुठे, किती वाजता खेळ थांबणार, हे खेळ सुरू होण्याआधी त्यानेच ठरवलेलं असतं. पहिल्याचा आवाज मोठा, म्हणून सगळे त्याच्याशी भांडतात. डाव खरा दुसऱ्याचा असतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे वाद बघताना आपण वर्षानुवर्षं पहिल्याच्या मागे लागलोय आणि दुसरा आरामात पॅड बांधून बसलाय, असं माझं म्हणणं आहे.

आधी पहिल्याचा हिशोब चुकता करू.

डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकडने बिल ब्राउनला असंच धावचीत केलं. त्याच दौऱ्यात ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्धच्या सामन्यात मंकडने ब्राउनला आधी बजावलं होतं, तरी तो ऐकेना म्हणून बादही केलं होतं. म्हणजे माणसाला एकदा समज, एकदा शिक्षा, असं सगळं यथासांग झालं होतं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन. ज्याचा फलंदाज गेला त्या ब्रॅडमनने आत्मचरित्रात मंकडची बाजू घेतली आणि नॉन-स्ट्रायकरने क्रीजमध्ये राहावं असा नियम आहे तर गोलंदाजाला दोष कसला, असा सवाल केला. तरीही पुढची सत्तरेक वर्षं त्या प्रकाराला मंकडचं आडनाव चिकटलं, ‘मंकडिंग’, तेही शिवीसारखं. याच मंकडने १९५२ साली लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा केल्या होत्या आणि त्याच कसोटीत एका डावात पाच बळी घेतले होते. पंकज रॉयबरोबर ४१३ धावांची सलामी दिली होती. एवढं करून क्रिकेटच्या बोलीभाषेत तो उरला कशासाठी, तर एका नियमबद्ध धावचीतसाठी. सुनील गावसकर या शब्दप्रयोगावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

नियमकर्त्यांनाही अखेर हे पटलं. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लॉर्ड्सच्या एमसीसी या क्लबने २०२२ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की हा बाद आता ‘अयोग्य खेळ’ या ४१ व्या नियमातून काढून ‘धावचीत’ या ३८ व्या नियमात नेला जाईल. आंतरराष्ट्रीय सामन्यांना ते १ ऑक्टोबरपासून लागू झालं, म्हणजे लॉर्ड्सवरच्या त्या संध्याकाळनंतर आठवड्याभरात. कागदावर प्रश्न मिटला. लोकांच्या मनातला मिटला नाही, कारण मनात अजून बसलंय की फलंदाज बिचारा आणि गोलंदाज लबाड.

हे बिचारेपण जरा मोजून बघा. गोलंदाजाच्या टाचेचा केसाएवढा भागही रेषेमागे राहिला नाही तर नो बॉल, वर मर्यादित षटकांच्या सामन्यात फ्री हिट. तिसरे पंच तो पाय मोठा करकरून दाखवतात. त्याच वेळी पलीकडच्या टोकाला फलंदाज दोन फूट पुढे चालत निघालेला असतो आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, बघितलंच तर आधी परवानगी घ्यायची. शेवटच्या षटकांत एक धाव कमी-जास्त झाल्याने सामने फिरतात, अर्ध्या फुटाने धावचीत ठरतात. ती दोन फुटं उगाच मिळत नाहीत, ती ढापलेली असतात. आणि ढापणाऱ्याला पकडणाऱ्यावर टीका, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

बरं, खिलाडूवृत्तीची दुहाई देणाऱ्यांचा इतिहास तरी काय आहे? २ जुलै २०२३, पुन्हा लॉर्ड्स. कॅमेरॉन ग्रीनचा उसळता चेंडू, जॉनी बेअरस्टो खाली वाकला, चेंडू डोक्यावरून यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरीकडे गेला. आता हे दृश्य संथ गतीत पुन्हा पाहिलं तर दिसतं की बेअरस्टोने बुटाने क्रीज घासली आणि जोडीदाराकडे बोलायला चालू लागला. पण कॅरीने चेंडू हाती घेतला आणि एका दमात खालून फेकला. तो फेकला तेव्हा बेअरस्टो क्रीजमधून बाहेर पडलाही नव्हता. म्हणजे वाट बघून केलेला घात नव्हता. पाय बाहेर काढायची खोड हेरून यष्टिरक्षकाने घेतलेली संधी होती. त्याच सामन्यात बेअरस्टोनेही यष्टिरक्षण करताना मार्नस लाबुशेनला तसंच चेंडू फेकून बाद करायचा प्रयत्न केला होता. लागला नाही, एवढाच काय तो फरक.

पुढे जे झालं ते पाहण्यासारखं होतं. लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमधल्या लाँग रूममध्ये, जिथे बारीक आवाजात बोलायची रीत, तिथे एमसीसीचे सभासद ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या अंगावर गेले. तिघांना निलंबित करावं लागलं. बेन स्टोक्सने रागाच्या भरात १५५ धावांची अफाट खेळी केली, तरी इंग्लंड ४३ धावांनी हरलं. स्टुअर्ट ब्रॉड मैदानात येऊन कॅरीला ऐकवत होता की लोक तुला यासाठीच लक्षात ठेवतील. हा तोच ब्रॉड, ज्याने २०१३ साली ट्रेंट ब्रिजवर ॲश्टन ॲगरचा चेंडू स्पष्ट बॅटला लागून स्लिपमध्ये झेल गेल्यावर ढिम्म उभं राहून पंचांच्या चुकीचा फायदा घेतला होता. ३७ वर होता, ६५ पर्यंत गेला, इंग्लंड १४ धावांनी जिंकलं. आणि प्रशिक्षक ब्रेंडन मॅकलम म्हणत होता की एवढ्यात ऑस्ट्रेलियन मंडळींबरोबर बिअर प्यायला बसू असं वाटत नाही. २००६ साली ख्राइस्टचर्चला कुमार संगकाराचं शतक पूर्ण झालं, मुथय्या मुरलीधरन त्याचं अभिनंदन करायला मागे वळून चालत गेला आणि त्याच्या बेल्स उडवणारा यष्टिरक्षक होता हाच मॅकलम. त्याला पुढे पश्चात्ताप झाला, २०१६ साली त्याने जाहीर भाषणात तो बोलूनही दाखवला, हे त्याचं मोठेपण. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याला यापेक्षा नेमकं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आता कुणी म्हणेल, मग खिलाडूवृत्ती असं काही नसतंच का? असते. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ असताना बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागला नव्हता अशी खात्री पटल्यावर कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं. टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली, बोथमने शतक ठोकलं आणि वर १३ बळी घेतले, भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथने त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही. २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजवर चहापानाची वेळ झाली असं समजून क्रीज सोडून निघालेल्या इयान बेलला धोनीने असंच परत खेळायला दिलं. दोन्ही वेळा ते औदार्य होतं. मुद्दा एवढाच की औदार्य देणाऱ्याच्या मनावर असतं. घेणाऱ्याने त्याची मागणी करायची नसते आणि नाही मिळालं म्हणून बोंब तर मुळीच ठोकायची नसते. शिवाय विश्वनाथ, धोनी यांनी ज्यांना परत बोलावलं त्यांनी काही ढापलं नव्हतं. एक पंचांच्या चुकीचा बळी, दुसरा गैरसमजाचा. क्रीज सोडून पळणारा नॉन-स्ट्रायकर यांच्या पंक्तीला बसत नाही.

म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला रोहित शर्माने जे केलं ते मला पटलं नव्हतं. श्रीलंकेचा दासुन शनाका ९८ वर, मोहम्मद शमीने त्याला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावचीत केलं, आणि रोहितने अपील मागे घेतलं. सामना खिशात होता, भारत ६७ धावांनी जिंकणार होता, शनाकाची खेळी सुंदर होती, सगळं मान्य. पण पंचांसमोर अपील मागे घेताना कर्णधाराने आपल्या गोलंदाजाला जगासमोर लबाड ठरवलं, नियम बदलून तीन महिने झाले असताना. शमीच्या जागी मी असतो तर तोंड पाडूनच परत रनअपकडे गेलो असतो.

अँजेलो मॅथ्यूजच्या बाबतीत मात्र माझं मन अजून एका जागी ठरत नाही. ६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली, विश्वचषक. मॅथ्यूज क्रीजवर आला, हेल्मेटचा पट्टा ओढला, तो हातात आला. नवं हेल्मेट मागवलं, तेवढ्यात शाकिब अल हसनने अपील केलं आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदा कुणीतरी ‘टाइम्ड आउट’ झालं. नियम सांगतो की दोन मिनिटांत चेंडू खेळायला तयार हवं, तो नव्हता. बाद बरोबर. पण इथे फलंदाजाला मिळवायचं काहीच नव्हतं, तुटलेल्या पट्ट्याने कुणाची धाव चोरली नाही. नियमाने बरोबर आणि माणूस म्हणून कोतं, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि अशा वेळी उपाय शाकिबला शिव्या देण्यात नाही, सुरक्षेच्या साधनात बिघाड झाला तर पंचांना घड्याळ थांबवता येईल अशी दुरुस्ती करण्यात आहे. १९८१ मध्ये मेलबर्नला ट्रेव्हर चॅपलने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला तेव्हाही तो नियमात बसत होता. लोकांना किळस आली, नियम बदलला, आज कुणी तसं करू शकत नाही. तोच रस्ता खरा.

जिथे नियमच चुकीचा लावला गेला तिथे आपण काय केलं, तेही आठवून बघा. १४ जुलै २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात थ्रो स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला. फलंदाजांनी थ्रोच्या क्षणी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, म्हणजे पाच धावा व्हायला हव्या होत्या. सहा दिल्या गेल्या. पंच कुमार धर्मसेनाने नंतर चूक कबूलही केली. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चषक कुणाला, तर ज्याने चौकार जास्त मारले त्याला, २६ विरुद्ध १७. तीन महिन्यांत आयसीसीने ती अटच काढून टाकली. न्यूझीलंडने मान खाली घालून सगळं गिळलं आणि जग त्यांच्या सभ्यपणावर फिदा झालं. विश्वचषक मात्र लॉर्ड्सवरच राहिला.

यंत्रं आली तरी वाद संपले नाहीत, त्यांनी कपडे बदलले. पर्थला नोव्हेंबर २०२४ मध्ये के. एल. राहुल २६ वर असताना बॅट पॅडवर घासल्याचा आवाज होता की चेंडूचा, हे दाखवणारा समोरचा कोन तिसऱ्या पंचांना मिळालाच नाही. तरी मैदानावरच्या पंचांचा नाबादचा निर्णय फिरवला गेला. महिन्याभराने मेलबर्नला उलटं झालं. यशस्वी जैस्वाल ८४ वर, पॅट कमिन्सचा चेंडू, स्निकोची, म्हणजे चेंडू बॅटला लागल्याचा आवाज टिपणाऱ्या यंत्राची, रेघ सपाट, पण चेंडूची दिशा बदललेली डोळ्यांना दिसत होती. तिसरे पंच शर्फुद्दौला यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवून बाद दिलं. आपल्याकडे त्यांच्या नावाने शिमगा झाला. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता आणि हे बोलून दाखवल्यावर मित्रांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. वर्षभराने ॲडलेडच्या ॲशेस कसोटीत त्याच स्निकोने आपली लायकी दाखवली. कॅरी ७२ वर असताना यंत्र चालवणाऱ्याने चुकीच्या टोकाचा मायक्रोफोन जोडला, आवाज आणि चित्र जुळेना, कॅरी वाचला आणि १०६ पर्यंत गेला. चेंडू बॅटला लागल्यासारखं वाटलं होतं, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. सांगितलं, पण निघाला नाही. ब्रॉडला निदान सोबत मिळाली.

आणि २०२५ ची मँचेस्टर कसोटी! भारताची शून्यावर दोन बाद अशी सुरुवात, ३११ धावांची पिछाडी, आणि शेवटच्या दिवशी रवींद्र जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी सामना वाचवला. शेवटचा तास उरला तेव्हा स्टोक्स हात पुढे करत आला, चला, सामना अनिर्णित. जडेजा ८९ वर, सुंदर ८० वर. दोघांनी नाही म्हटलं. मग स्टोक्सने हॅरी ब्रूकच्या हातात चेंडू दिला, इंग्लंडचे खेळाडू टोमणे मारू लागले, जणू पाहुण्यांनी जेवण झाल्यावरही ताट सोडलं नाही. आता सामना लवकर थांबवायला दोन्ही कर्णधारांची संमती लागते, हा नियम. आणि चार तास किल्ला लढवलेल्या माणसाला शतक करू द्यावं की नाही, हा सौजन्याचा प्रश्न असेल तर तो यजमानाच्या सौजन्याचा होता. दोघांची शतकं झाली, मग हात मिळवले.

त्याच सामन्यात ख्रिस वोक्सचा चेंडू ऋषभ पंतच्या पायावर लागून हाड मोडलं. लंगडत येऊन त्याने अर्धशतक केलं. अशा दुखापतीला बदली खेळाडू मिळावा असं भारताचे प्रशिक्षक गौतम गंभीर म्हणाले, स्टोक्सने ती कल्पना हास्यास्पद ठरवली. पुढच्याच कसोटीत ओव्हलवर वोक्सचा खांदा निखळला. पाचव्या दिवशी १७ धावा हव्या असताना स्वेटरखाली हात बांधून तो अकराव्या क्रमांकावर उतरला, एकही चेंडू न खेळता प्रत्येक धावेला वेदनेने वाकत पळाला, आणि मोहम्मद सिराजने गस ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवून सहा धावांनी सामना काढला. त्या चित्रावर सगळे हळहळले. मी हळहळण्यापेक्षा विचार करत होतो की हा माणूस तिथे आला का? साडेसहा आठवड्यांत पाच कसोटी कोंबल्या नसत्या, तर शरीरं एवढी मोडली असती का? त्याच मालिकेत जसप्रीत बुमराला तीनच कसोटी खेळवायचं आधीच ठरलं होतं. माणसाच्या पाठीला जेवढं झेपेल तेवढं नाही, तर वेळापत्रकात जेवढं मावेल तेवढं क्रिकेट, असा हा मामला.

इथून मी बॅटवाल्याकडे येतो. आणि सांगायला बरं वाटत नाही, पण बॅट सध्या आपली आहे.

२०२४ ते २०२७ या काळात आयसीसीच्या उत्पन्नातला ३८.५ टक्के वाटा एकट्या बीसीसीआयचा. कमाई आपल्या प्रेक्षकांमुळे होते हे खरं, पण त्यासोबत काय काय येतं ते पाहा. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत पोचला तर गटात कितीही क्रमांक येवो, सामना गयानालाच, हे आधीच ठरलेलं. आपल्या टीव्हीच्या वेळेला ते सोयीचं. पहिल्या उपांत्य सामन्यात अफगाणिस्तान त्रिनिदादच्या भयंकर खेळपट्टीवर ५६ धावांत गारद झालं. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत पाकिस्तानात जाणार नाही, हा सरकारी निर्णय. त्यावर मी वाद घालत नाही. पण त्यातून जे घडलं ते असं: भारत सगळे सामने दुबईच्या एकाच मैदानावर खेळला, एकाच हॉटेलात राहिला. आणि उपांत्य फेरीत आपल्यासमोर कोण येणार हे ठरेना, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा संघ कराचीहून दुबईला उडाला, तिथे एकही चेंडू न खेळता परत लाहोरला आला आणि ५ मार्चला न्यूझीलंडकडून हरला. डेव्हिड मिलरने नाबाद शतक केलं आणि या विमानवारीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. आपण चषक उचलला. आपला संघ तगडा होता, बहुधा लाहोरलाही जिंकला असता. पण हे ‘बहुधा’ सिद्ध करायची वेळ आपल्यावर आलीच नाही, आणि तोच तर फायदा.

२०२५ च्या आशिया चषकात पाकिस्तानशी टाळलेल्या हस्तांदोलनाबद्दल थोडक्यात: खेळायचं नसेल तर खेळू नये, खेळायचं ठरलं तर हात मिळवावा. प्रक्षेपणाचे पैसे घ्यायचे आणि हात खिशात ठेवायचा, हे मला जमत नाही.

आता दौऱ्यांचं बघा. १९३२ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तो एका कसोटीसाठी, पण त्या दौऱ्यात २६ प्रथम श्रेणी सामने झाले. ओलसर खेळपट्टी, थंड वारा, हवेत वळणारा चेंडू, सगळ्याची ओळख व्हायची. तितकं लांब आता कुणाला परवडणार नाही, मान्य. पण आज पाहुण्या संघाला धड एक सराव सामना मिळत नाही. २०२५-२६ च्या ॲशेससाठी इंग्लंड ऑस्ट्रेलियात आलं, सराव म्हणून आपल्याच दुसऱ्या फळीशी एक सामना खेळलं आणि पर्थला दोन दिवसांत हरलं. खेळाच्या अकरा दिवसांत ॲशेस गेली. बॅझबॉलवर, म्हणजे इंग्लंडच्या बेधडक फलंदाजीवर, सगळे तुटून पडले. मला त्या फलंदाजीचं कौतुक नाही, पण पर्थच्या उसळीवर बॅकफुटवर जायची सवय सरावाशिवाय कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही. सरावाच्या तारखा कुठे जातात? लीगना जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला जो संघ पाठवला त्याचा कर्णधार नील ब्रँड स्वतःच पहिली कसोटी खेळत होता, कारण मुख्य खेळाडू घरच्या टी-२० लीगमध्ये अडकलेले. न्यूझीलंडने आफ्रिकेला मालिकेत पहिल्यांदा हरवलं, तेही अशा संघाला. त्याच आफ्रिकेने पुढच्या वर्षी लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद मिळवलं. अजिंक्यपदाच्या त्या दोन वर्षांच्या चक्रात त्यांच्या वाट्याला आलेली एकूण एक मालिका दोन कसोटींची होती. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि आपण आपापसांत पाच-पाच खेळतो, बाकीच्यांना दोन-दोनचा तुकडा.

आपल्याही २०२५-२७ च्या चक्रात बघा: इंग्लंडशी पाच, ऑस्ट्रेलियाशी घरी पाच, आणि वेस्ट इंडिज, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, न्यूझीलंड यांच्याशी प्रत्येकी दोन. आफ्रिकेविरुद्धच्या दोनांचं काय झालं ते ताजं आहे. ईडनवर हवी तशी फिरणारी खेळपट्टी मागून घेतली, १२४ धावांचं लक्ष्य होतं, ९३ वर गुंडाळले गेलो. गुवाहाटीला ४०८ धावांनी मार खाल्ला. त्याच्या वर्षभर आधी न्यूझीलंडने घरातच ०-३ धुतलं होतं, पुण्यात मिचेल सँटनरने तेरा बळी घेऊन. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपण दोनदा पडलो. न्यूझीलंडच्या दौऱ्याबद्दल मला म्हणूनच फारशी आशा नाही. फिरकीपुढे घरातच गडबडणारी फलंदाजी तिथल्या हिरव्या खेळपट्टीवर दोन कसोटींत सावरायची कशी? पहिली हरली की मालिका जिंकायची आशा संपली, उरते ती फार तर बरोबरी. पाच कसोटींत चुकायला आणि सुधारायला जागा असते. २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये आपल्याला दोनदा पिछाडीवर पडूनही २-२ करता आलं ते म्हणूनच.

महिलांचं तर विचारूच नका. दीप्तीला लॉर्ड्सवर ज्यांनी नावं ठेवली त्यांनी २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत तिला पाहिलं असेल: अंतिम सामन्यात ५८ धावा, ३९ धावांत पाच बळी, आणि २२ बळींसह विश्वचषकाची सर्वोत्तम खेळाडू. तिच्या वाट्याला एका वेळी एकच कसोटी येते, तीही वर्षा-दोन वर्षांनी. या अन्यायावर त्या संध्याकाळच्या दहाव्या हिश्शाएवढीही चर्चा झालेली मला आठवत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये केपटाउनला भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी ६४२ चेंडूंत संपली, निकाल लागलेल्या कसोटींमध्ये सगळ्यात छोटी. सिराजने १५ धावांत सहा बळी घेतले, आफ्रिका ५५ वर आटोपली. मग भारताने १५३ या धावसंख्येवर एकही धाव न करता सहा गडी गमावले. दुसऱ्याच दिवशी भारत जिंकला, मालिका १-१. दोन तगडे संघ, एकेक घाव घालून समोरासमोर उभे, पुढची कसोटी कोण जिंकणार या कल्पनेनेच झोप उडावी असा क्षण. पुढची कसोटी वेळापत्रकात नव्हती. नील ब्रँडच्या संघाचं न्यूझीलंडचं विमान महिन्याच्या आत सुटायचं होतं.